तिरल्याची रात्र आणि गाडीतले गाणे

अहमदाबादहून संध्याकाळी आठच्या सुमारास निघालेली गाडी दाहोद आणि झाबुआ मागे टाकून राजगड-सरदारपूरच्या बाजूने धारकडे येऊ लागते, तेव्हा घड्याळात साधारण दोन वाजलेले असतात. धार शहर अजून बारा-तेरा किलोमीटर दूर असते. त्याआधी रस्त्याच्या कडेला काही दिवे, बंद दुकाने आणि एखादा जागा ढाबा दिसतो. हे तिरला. इतिहासाच्या जुन्या ग्रंथांत मराठ्यांनी दयाबहादुराचा पाडाव केल्याच्या प्रसंगाशी या गावाचे नाव जोडलेले आढळते. आजच्या प्रवाशाला मात्र ते इंदूर आता पाऊणशे किलोमीटरच राहिले हे सांगणारे गाव म्हणून ठाऊक असते.

गोव्यातली कुटुंबे उज्जैन, ओंकारेश्वर, मांडू असा प्रवास हल्ली स्वतःच्या गाडीने करतात. गुजरातमार्गे गेले की परतीच्या किंवा जाण्याच्या वाटेवर हा रस्ता लागतोच. तिकडे न गेलेल्यांनाही हा अनुभव परका नाही. चोर्ला घाटातून बेळगावकडे, आंबोलीतून कोल्हापूरकडे किंवा अनमोडमार्गे हुबळीकडे रात्री गाडी काढणारे असंख्य आहेत. गावच्या जत्रेतले नाटक पाहून उत्तररात्री घरी परतणारे तर प्रत्येक तालुक्यात आहेत. या सगळ्यांच्या गाडीत एक गोष्ट समान असते. कोणीतरी हात पुढे करतो आणि विचारतो, ‘काय लावू?’

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात दोन परस्परविरोधी मागण्या दडलेल्या असतात. रात्रीच्या संथ प्रवासाला मन निवांत करणारे गाणे हवे असते आणि त्याच वेळी चालकाला जागे राहायचे असते. जे गाणे मागच्या आसनावरच्या आजीला छान झोप आणते, तेच पुढे बसलेल्या नातवाच्या पापण्याही जड करते. म्हणून रात्रीच्या गाडीसाठी संगीत निवडणे हा केवळ आवडीचा विषय उरत नाही. गाडीत कान काय ऐकतो, लयीचा वेगाशी काय संबंध आहे आणि आपल्या परंपरेने रात्रीच्या प्रहरांचा विचार कसा केला आहे, या तीन गोष्टी समजून घेतल्या तर निवड पुष्कळ सोपी होते.

गाडीत कान काय ऐकतो?

घरातल्या खोलीत आणि धावत्या गाडीत एकच ध्वनिमुद्रण वेगळे ऐकू येते. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या सर्वसाधारण गाडीत टायर, वारा आणि इंजिन यांचा मिळून साधारण ६५ ते ७० डेसिबल इतका आवाज सतत असतो. हा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला, घुमणारा असतो. खालच्या पट्टीतला गोंगाट आपल्या पट्टीतले स्वर तर झाकतोच, शिवाय त्याहून वरच्या पट्टीतले मंद स्वरही गिळून टाकतो. यामुळे तानपुऱ्याची आस, गायकाने खर्जात लावलेला षड्ज आणि आलापीतले हळुवार श्वास यांतले काहीच चालकापर्यंत पोहोचत नाही.

मग होते असे की, आलाप ऐकू येईना म्हणून आवाज वाढवला जातो. वीस मिनिटांनी गायक तार सप्तकात जातो, द्रुत सुरू होते, तबला आणि संवादिनी भरात येतात आणि तोच आवाज एकदम कानठळ्या बसवू लागतो. नेमक्या त्याच क्षणी समोरून प्रखर दिव्यांचा ट्रक येत असेल तर चालकाचा हात आवाजाच्या कळीकडे जावा की चाकावर राहावा, असा पेच पडतो. शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणात मंद आणि मोठ्या आवाजातले अंतर फार असते. तो त्याचा गुणच आहे, पण धावत्या गाडीत तोच अडचण ठरतो.

यावर उपाय सोपा आहे. गाडीसाठी निवडायचे ध्वनिमुद्रण असे असावे की, त्याचा आवाज आरंभापासून शेवटपर्यंत फार वरखाली होत नाही. बासरी, संतूर, सारंगी यांच्या मध्यलयीतल्या गती, ठुमरी-दादरा, भजन, भावगीत आणि जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्या या कसोटीला उतरतात. जुन्या तबकड्यांत खालची पट्टी जवळजवळ नसतेच, त्यामुळे त्यांतला गळा रस्त्याच्या गोंगाटावर सहज तरंगतो. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा १९६७ सालचा संग्रह अजूनही अनेक गाड्यांत वाजतो, यामागे हेही एक कारण असावे. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार या तिन्ही वाद्यांचे स्वर मधल्या आणि वरच्या पट्टीत स्पष्ट उमटतात. मेंढपाळाचा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत मांडण्याची त्याची कल्पनाही प्रवासाला साजेशी आहे.

आवाज किती असावा, यालाही एक घरगुती मोजमाप आहे. शेजारी बसलेल्या माणसाने नेहमीच्या स्वरात काही सांगितले आणि ते पुन्हा विचारावे लागले नाही, म्हणजे आवाज बरोबर आहे. रुग्णवाहिकेचा भोंगा, मागच्या ट्रकचा हॉर्न, टायरखालून येणारा वेगळा खडखडाट हे सगळे गाण्याच्या वर ऐकू यायलाच हवे. दोन्ही कानांत इअरफोन घालून गाडी चालवणे या कारणासाठीच धोक्याचे आहे.

लय आणि काटा

संगीताच्या वेगाचा गाडीच्या वेगाशी संबंध असतो, ही शंका पुष्कळांना असते. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठातले संशोधक वॉरन ब्रॉडस्की यांनी या शतकाच्या आरंभी संगणकावरील आभासी गाडीवर याचे प्रयोग केले. संगीताची लय जसजशी वाढत गेली, तसतसा चालकांचा वेगही वाढत गेला. जलद लयीच्या संगीतासोबत लाल दिवा ओलांडणे, मार्गिका सोडणे आणि धडक बसणे हे प्रकारही अधिक घडले. चालकाने ठरवून वेग वाढवलेला नसतो. पाय आपोआप ठेका धरतो, आणि तो पाय ॲक्सिलरेटरवर असतो.

लयीचा हा विचार समजून घ्यायला तिरल्यापासून पुढचा रस्ता फार सोयीचा आहे. इंदूर आणि तेथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरचे देवास, एवढ्याशा टापूत विसाव्या शतकातले तीन मोठे गायक राहिले आणि तिघांची लय तीन प्रकारची होती.

देवासचे उस्ताद रजब अली खाँ तानांसाठी प्रसिद्ध होते. त्यांची तान विजेसारखी कोसळे. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ यांनी तानेच्या बाबतीत रजब अलींचा प्रभाव घेतला, पण लय घेतली ती किराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांची. अमीर खाँ यांचा अतिविलंबित झुमरा चौदा मात्रांचा, आणि त्याचे एक आवर्तन पुरे व्हायला कधी कधी जवळजवळ एक मिनिट लागते. तिसरे कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले कुमारजी जानेवारी १९४८ मध्ये देवासला आले ते क्षयाच्या आजारातून बरे होण्यासाठी. गाणे बंद, बोलणेही मोजके, अशी पाच-सहा वर्षे काढून १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत आले. त्यांच्या गाण्यात स्वरवाक्ये छोटी, अचानक उसळणारी आणि अर्थाला धरून थांबणारी असतात.

हे तिघे एका गाडीत आळीपाळीने लावून पाहावेत. रजब अलींच्या शैलीतली चपळ तान ऐकताना मन उत्तेजित होते. संध्याकाळच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर, रस्ता मोकळा आणि मन ताजे असताना ती झकास लागते. अमीर खाँ यांचा विलंबित ख्याल मन इतके खोल नेतो की श्रोता बाहेरचे जग विसरतो. घरी अंधारात बसून ऐकण्याची ती गोष्ट आहे. रात्री दोन वाजता चाकावर बसलेल्या माणसाने मात्र बाहेरचे जग विसरून चालत नाही. कुमारजींचे मध्यलयीतले गाणे या दोन टोकांच्या मधोमध बसते. पुढे काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे कान जागा राहतो, आणि तरीही त्यात घाई नसते. रात्रीच्या रस्त्यासाठी मध्यलय ही सर्वांत भरवशाची लय आहे, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

येथे एक नोंद करणे भाग आहे. शांत लयीचे हे महान साधक अमीर खाँ १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कोलकात्यात मोटार अपघातात गेले. रस्त्याला कोणाच्याही तपश्चर्येची ओळख नसते. गाडीतल्या गाण्याविषयी लिहिताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

प्रहरांचा हिशेब

रात्रीला योग्य गाणे कोणते, हा प्रश्न आपल्या संगीताने फार पूर्वी विचारला आहे. दिवसरात्रीचे आठ प्रहर आणि प्रत्येक प्रहराचे राग ही व्यवस्था जुनीच. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी तिच्यामागचे स्वरांचे सूत्र मांडले. सूर्यास्ताच्या सुमारास संधिप्रकाश राग येतात. त्यांत ऋषभ कोमल आणि गंधार शुद्ध असतो. त्यानंतर ऋषभ आणि धैवत शुद्ध असलेले राग येतात. यमन, भूप, केदार, बिहाग, देस, खमाज हे सारे या गटातले. रात्र वाढली की गंधार आणि निषाद कोमल असलेले राग सुरू होतात. बागेश्री, दरबारी कानडा, मालकंस या रागांची ही वेळ. पहाट जवळ आली की पुन्हा ऋषभ कोमल होऊ लागतो आणि ललत, भटियार यांच्या वाटेने गाणे सकाळकडे वळते.

गाडीच्या दृष्टीने या हिशेबाचा उपयोग पहिल्या दोन प्रहरांत उत्तम होतो. आठला निघालेल्या गाडीत यमन किंवा भूप लावावा. किशोरी आमोणकर यांचा भूप गोमंतकीय श्रोत्यांना वेगळा सांगायला नको. दिवसभराच्या कामाची किटकिट त्याने उतरते. दहानंतर बिहाग, देस आणि बागेश्री. हे राग मनाला मोकळे करतात, पण सुन्न करत नाहीत. आकाशवाणीच्या श्रोत्यांना ही रीत अंगवळणी पडलेली आहे. विविध भारतीवरचे रात्री दहाचे ‘छायागीत’ ऐकत गाडी चालवलेली एक सबंध पिढी आपल्याकडे आहे, आणि त्या कार्यक्रमातली चित्रपटगीते बहुतेक याच रंगाची असत.

अडचण येते ती तिसऱ्या प्रहरात. परंपरेने मध्यरात्रीनंतरच्या वेळेला सर्वांत गंभीर राग दिले आहेत. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार आणि मंद्र सप्तकातला ठाय विस्तार हे त्या वेळेचे खरे वैभव. पण ही व्यवस्था बैठकीत मांडी घालून बसलेल्या श्रोत्यांसाठी आहे. शरीराच्या घड्याळात झोपेची ओढ सर्वांत प्रबळ असते ती रात्री दोन ते पहाटे सहा या वेळेत. म्हणजे जो प्रहर दरबारीचा, तोच डुलकीचा. तेथे प्रहराचे पालन करताना लय बदलावी, हा व्यवहारी मार्ग आहे. अतिविलंबित दरबारीऐवजी मध्यलयीतला मालकंस घ्यावा. ऋषभ आणि पंचम वर्ज्य असलेला, पाच स्वरांचा हा राग रात्रीचे गांभीर्य सोडत नाही, आणि त्यातली मध्य-द्रुत बंदिश अंगात सुस्तीही शिरू देत नाही. अडाण्याचाही विचार करावा. तो दरबारीच्याच घरातला, पण तार सप्तकाकडे झेपावणारा राग आहे.

माळव्यात रात्रीला तिचे स्वतःचे मोठेपण आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी तिघांची कीर्ती उत्तरेत एका दमात सांगितली जाते. ‘शब-ए-मालवा’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीचे हे पठार दिवसा तापले तरी रात्री निवते. तिरल्याच्या अलीकडे काच खाली केली की, वाऱ्यातला फरक अंगाला कळतो. धारपासून पस्तीस किलोमीटरवरच्या मांडूत बाजबहादूर राज्य करी. गायनात त्याला तोड नव्हती, असे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदले आहे. या वाटेवर संगीत गाडीत शिरण्याच्या पुष्कळ आधीपासून हवेत होते.

शब्द असावेत की नसावेत?

बिनशब्दांचे वाद्यसंगीत रात्री चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धा खरा आहे. अनोळखी शहरात वळण शोधताना, पावसात किंवा घाटात शब्दांचे गाणे लक्ष विभागते. अशा वेळी चालक नकळत आवाज कमी करतो, हे प्रत्येकाने पाहिले असेल. पण सरळ, मोकळ्या, एकसुरी महामार्गावर शत्रू असतो तो कंटाळा, आणि तेथे अर्थपूर्ण शब्द उपयोगी पडतात. मन शब्दांमागे थोडे चालते आणि त्यामुळे जागे राहते.

या टापूत अशा गाण्यांचा खजिना आहे. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारजींच्या कानावर माळव्याची लोकगीते पडत होती. त्यांनी ती जमवली, अभ्यासली आणि लोकधुनांतून काही नवे राग बांधले. त्यांना ते ‘धुनउगम राग’ म्हणत. मालवती, लगनगंधार, संजारी, मधसुरजा ही त्यांच्या निर्मितीतली काही नावे. देवासच्या शीलनाथ महाराजांच्या धुनीवर आणि भटक्या नाथपंथी साधूंच्या तोंडी ऐकलेली निर्गुणी भजनेही त्यांनी मैफलीत आणली. ही भजने रात्रीच्या प्रवासासाठी जणू मापूनच केली आहेत. प्रत्येक भजन पाच-सात मिनिटांचे, ठेका न बदलणारा, तानपुऱ्यांची भरदार आस आणि शब्द असे की, पुढचे दहा किलोमीटर डोक्यात घोळत राहावेत. याच मातीतले प्रल्हादसिंग टिपाणिया हातात तंबुरा घेऊन कबीर गातात. त्यांच्या गाण्यात शास्त्रीय नटवेपणा नाही, खेड्यातल्या रात्रीच्या बैठकीचा मोकळेपणा आहे. कुमारजींनंतर त्यांना ऐकावे, म्हणजे एकाच झऱ्याचे दोन प्रवाह दिसतात.

मराठी शब्द हवे असतील तर तेही याच वाटेवर सापडतात. भा. रा. तांबे हे माळवा-ग्वाल्हेरच्या भूमीत वाढलेले मराठी कवी. कुमारजींनी त्यांच्या कवितांचा ‘तांबे गीतरजनी’ हा कार्यक्रम केला. तांब्यांच्या कितीतरी कविता लता मंगेशकर यांनी गायल्या. लताबाईंचा जन्म इंदूरचा, १९२९ सालचा, आणि घराण्याचे मूळ आपल्या मंगेशीचे. त्याच मंगेशीत त्याच वर्षी जितेंद्र अभिषेकी जन्मले. गोव्याहून निघालेल्या गाडीत अभिषेकीबुवांची नाट्यगीते आणि लताबाईंचे तांबे एकामागोमाग लावले तर मांडवीपासून माळव्यापर्यंतचा धागा आपोआप गुंफला जातो. भावगीत आणि नाट्यगीत यांचा आणखी एक फायदा असा की, ती सोबत गुणगुणता येतात. गुणगुणणारा माणूस श्वास भरून घेतो, ताठ बसतो. नुसत्या ऐकण्यापेक्षा हे अधिक जागे ठेवणारे असते.

गाणे हे झोपेवरचे औषध नव्हे

एवढे सगळे सांगितल्यावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट उरते. झोप येऊ लागली म्हणून गाणे मोठे करायचे, हा आपल्याकडचा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक उपाय आहे. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठातले रेनर आणि हॉर्न यांनी १९९८ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली. झोप अपुरी झालेल्या चालकांना त्यांनी तोंडावर गार वारा आणि रेडिओ या दोन उपायांनिशी आभासी गाडी चालवायला लावली. दोन्हींचा परिणाम अल्पकाळ टिकणारा आणि तुटपुंजा निघाला. रेडिओचा फायदा वाऱ्यापेक्षा किंचित अधिक, पण तोही थांबण्यासाठी सुरक्षित जागा गाठण्यापुरताच.

याचे कारण समजायला सोपे आहे. गाणे कंटाळा घालवते, पण झोप भरून काढत नाही. कंटाळा आणि झोप या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि रात्री दोन वाजता त्यांची गल्लत होते. मोठ्या आवाजाने माणसाला आपण जागे असल्याचा भास होतो. मेंदू मात्र अधूनमधून तीन-चार सेकंदांसाठी बंद पडत राहतो. अशा वेळी डोळे उघडे असू शकतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर अंतर, आणि तेवढा वेळ गाडीला चालक नसतो.

तिरल्याचे महत्त्व येथे आहे. सहा तास गाडी चालवून आलेल्या माणसाला इंदूर पाऊणशे किलोमीटरवर दिसते आणि ‘आता आलोच’ असे वाटते. गोव्यात हाच भाव पत्रादेवी ओलांडली की येतो, चोर्ल्याचा घाट उतरला की येतो. घर जवळ आले की मन सैल होते, आणि शरीर त्याच क्षणाची वाट पाहत असते. अशा वेळी करायची गोष्ट एकच. ढाब्याजवळ, उजेडात, रस्त्यापासून नीट आत गाडी घ्यावी, चहा किंवा कॉफी प्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. कॅफीनचा परिणाम सुरू व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून आधी चहा आणि मग झोप हा क्रम उलटा वाटला तरी बरोबर आहे. जाग येईपर्यंत चहा कामाला लागलेला असतो. त्या वीस मिनिटांसाठी मात्र अमीर खाँ यांचा दरबारी अवश्य लावावा. रात्रभर त्याला दिलेला नकार तेथे मागे घेता येतो.

वारंवार जांभया, डोळ्यांची आग, मागच्या दोन किलोमीटरचा रस्ता न आठवणे, गाडी पांढऱ्या पट्ट्यावर जाणे ही लक्षणे दिसली तर कोणतेही गाणे उपयोगाचे नाही. सोबत्याने संकोच न करता गाडी थांबवायला सांगावे. ‘अहो, जरा चहा घेऊ या’ एवढे शब्द पुरतात, आणि त्यात कोणाचा अपमान नसतो.

निघण्यापूर्वीची तयारी

गाण्यांची यादी घरीच करावी. घाटात आणि दुर्गम भागात मोबाइलची रेंज जाते, रेडिओ खरखरू लागतो, म्हणून गाणी आधीच उतरवून ठेवावीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातातले उपकरण वापरणे धोकादायक वाहनचालनात धरले जाते. पण दंडाचा विचार बाजूला ठेवला तरी, पुढचे गाणे शोधण्यासाठी पडद्यावर घातलेले चार सेकंद आणि डुलकीचे चार सेकंद यांत रस्त्याच्या दृष्टीने काहीच फरक नाही. गाणे बदलण्याचे काम शेजारच्या माणसाकडे द्यावे. तो जागा राहील, हा वरचा लाभ.

यादी तासातासांची करावी आणि दोन तासांच्या भागांनंतर रिकामी जागा सोडावी. त्या जागेत थांबायचे, पाय मोकळे करायचे. पहिल्या भागात यमन-भूपाचे वळण, मध्यलयीतली वाद्ये. दुसऱ्यात देस, बिहाग, बागेश्री आणि भावगीते. मध्यरात्रीनंतर सोबत म्हणता येतील अशी नाट्यगीते, निर्गुणी भजने, मध्यलयीतला मालकंस. पहाटेच्या थांब्यानंतर ललत किंवा भटियार. अगदी जलद ठेक्याची, घुमणाऱ्या ढोलांची गाणी वगळली नाहीत तरी मोकळ्या रस्त्यावर एखाद-दुसरीच ठेवावीत, आणि ती वाजताना काट्यावर नजर असावी.

काही ठिकाणी गाणे पूर्ण बंद करणे हाच योग्य पर्याय असतो. घाट उतरताना ब्रेकचा वास आणि इंजिनचा आवाज यांकडे लक्ष हवे. आंबोली-चोर्ल्याच्या धुक्यात समोरचे वाहन दिसण्याआधी ऐकू येते. धार-झाबुआच्या भिल्ल प्रदेशात होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे बाजार भरतात. तेव्हा रात्री रस्त्याच्या कडेने माणसांचे जथे चालत असतात, मांदळ वाजत असतो. तेथे काच खाली करून वेग कमी करावा आणि बाहेरचे ऐकावे. आपल्याकडे गणपतीत, शिमग्यात हाच नियम लागू आहे.

पंडित भीमसेन जोशी यांना गाडी चालवण्याची विलक्षण हौस होती. मैफलीसाठी ते शेकडो किलोमीटर स्वतः गाडी चालवत जात आणि गाडीच्या यंत्राचीही त्यांना उत्तम जाण होती. सुराचा कान आणि इंजिनाचा कान एकाच माणसाकडे असू शकतो, याचे हे सुखद उदाहरण आहे. दोन्हींकडे लक्ष देता येईल एवढ्याच आवाजात गाणे लावावे, हा या साऱ्या विवेचनाचा थोडक्यात अर्थ.

मैफल भैरवीने संपवण्याची आपली रीत आहे. १९७७ मध्ये अवकाशात निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ते यान परत येणार नाही. आपल्याला मात्र घरी पोहोचायचे असते. म्हणून भैरवी यादीच्या शेवटी ठेवावी आणि गाडी दारात लावल्यावर, इंजिन बंद करून, ती शेवटपर्यंत ऐकावी.